शिवण उसवणाऱ्या बाई

बाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आईला म्हणाल्या, "हिला खाटेवर घ्या," आणि मला म्हणाल्या, "पालथी हो."

आम्ही खोली बघायला आलो होतो हो! भाड्याची खोली! आणि ही कोण कुठली बाई, स्वतः व्हीलचेअरमध्ये बसलेली, केस पांढरे, आवाज फौजदाराचा, मला पालथी हो म्हणते. मी आईकडं पाहिलं. आईनं मला मुकाट पालथी केली. बाईंनी खुर्ची खाटेला भिडवली, अर्धं ब्लेड काढलं आणि माझ्या नव्याकोऱ्या जीन्सचे मागचे दोन्ही खिसे टराटरा उसवून काढले. मी ओरडले, "अहो, नवी हाय ती!" त्यांनी खिशांच्या कोपऱ्यातल्या पितळी टिकल्या माझ्या नाकासमोर धरल्या. म्हणाल्या, "गावापासून ह्याच्यावर बसून आलीस. तुला टोचलं न्हाई, कारण तुला तिथलं काही कळतच न्हाई. कातडीला कळतं. ती गप सोसती आन् मंग एकदम फाटती."

त्या जीन्ससाठी मी घरात दोन दिवस जेवले नव्हते. कॉलेजला जाताना आमची काळीपिवळी जीप उलटली आणि माझा पाठीचा कणा मोडला. कमरेखालचं सगळं गेलं. म्हणजे आहे जागच्या जागी, पण मला त्याची खबर नाही. अपघाताआधी जीन्स मागितली तर "आपल्यात चालत नाही", आणि अपघातानंतर मागितली तर "आता तुला कुठं जायचंय?" जायचं होतं ना मला! परीक्षा पास झाले होते, निवड यादीत नाव लागलं होतं, नांदेडलाच एका सरकारी कचेरीत कारकुनाची जागा. फक्त ऑर्डर यायची होती. तोवर नांदेडात राहून टायपिंग पक्कं करायचं असं मी ठरवलं, कारण गावी राहिले असते तर सोयाबीनच्या पोत्यांशेजारच्या मागच्या खोलीत जन्मभर राहिले असते. सगळे प्रेमानं ताट आणून देत होते. मला त्या ताटाचीच धास्ती होती.

बाईंच्या गच्चीवरचा पंचशील झेंडा बघून आईनं हळूच विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणलात?" बाई म्हणाल्या, "आधी मोरी बघा. हिची खुर्ची आत जाती का बघा. आडनावानं मोरीचं दार रुंद होत न्हाई." नांदेडात आम्ही सात खोल्या बघितल्या होत्या आणि एकाही मोरीत माझी खुर्ची जात नव्हती. इथं गेली, आणि आत वळलीसुद्धा. तिथंच बसून आईनं बाईंच्या हातचा चहा घेतला.

बाई विहाराच्या हॉलमध्ये शिलाईचा वर्ग चालवायच्या. पायमशीन चालवता येत नाही म्हणून हातमशीन. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या हातानं कापड सरकवायचं, आणि तोंडानं पोरींना शिव्या घालायच्या, तिन्ही एकाच वेळी. त्या खुर्चीत कशा आल्या हे मला आजवर माहीत नाही. कुणी विचारलं की दर वेळी नवी गोष्ट. एकीला सांगितलं, आंब्यावरून पडले. दुसरीला सांगितलं, विहिरीत. एका फारच कळवळून विचारणाऱ्या गुरुजींना सांगितलं, "विमानातून." गुरुजी "अरेरे" म्हणाले आणि मग बराच वेळ विचारात पडले. मी एकदा धीर करून खरं विचारलं. म्हणाल्या, "पडले ते पडले. तू आता पडशील कशी ते बघ, माझं काय बघतीस?"

शिलाईपेक्षा त्यांना उसवायची हौस जास्त. व्हीलचेअरवरचं कुणीही दारात आलं की आधी त्याच्या कपड्यांची झडती. मागचा खिसा दिसला की गेला. जाड शिवण बुडाखाली येत असेल तर ती उसवून कडेला घ्यायची. परकराच्या नाडीची गाठ मागं असेल तर ती पुढं. एकदा बिलोलीहून एक निवृत्त मास्तर आले होते, अर्धांगानं खुर्चीत बसलेले. त्यांच्या मागच्या खिशात पाकीट, पाकिटात चाव्यांचा जुडगा. बाईंनी तो जुडगा त्यांच्या मुलाच्या हातात ठेवला. "तू ह्याच्यावर बस. संध्याकाळपर्यंत उठू नको. मंग मला सांग." मुलगा बसला नाही, पण जाताना मास्तरांचा खिसा उसवलेला होता.

आणि तो कोंबडा! बाईंच्या मोबाइलमध्ये दर पंधरा मिनिटांनी कोंबडा आरवायचा. आरवला की हातातलं काम टाकून बाई पुढं वाकायच्या, छाती मांड्यांना टेकेपर्यंत, आणि दोन मिनिटं तशाच राहायच्या. बुडावरचा भार उतरला पाहिजे, तिथं रक्त फिरलं पाहिजे, एवढा साधा हिशोब. पण बाई तो कुठंही चुकवायच्या नाहीत. शोकसभेत कोंबडा, बँकेत कोंबडा, डॉक्टरांच्या दवाखान्यात कोंबडा. एकदा निवडणुकीत एक उमेदवार दहा जणांचा ताफा घेऊन गल्लीत आला. हात जोडून बाईंच्या पुढं उभा राहिला आणि नेमका कोंबडा आरवला. बाई वाकल्या. त्या गड्याला वाटलं, म्हातारी आपल्या पायाच पडली! त्यानं घाईघाईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, "राहू द्या माय, राहू द्या." बाई खालूनच बोलल्या, "तुमाला न्हाई बाबा. बुडाला आराम देऊन राहिले. हात काढा." गल्ली महिनाभर हसली.

माझ्या मोबाइलमध्येही त्यांनी तोच कोंबडा भरला. सकाळ-संध्याकाळ आरशाची तपासणी लावली. लांब दांडीचा आरसा, स्वतःचा स्वतः धरायचा. दवाखान्यातून मला एक पत्रक मिळालं होतं, त्यात लिहिलं होतं, त्वचा लाल झाली का ते पाहा. मी रोज लाल शोधायचे आणि खूश व्हायचे, कुठं लाल नाही म्हणून. बाईंनी ते पत्रक वाचलं आणि त्यात सुया गुंडाळून ठेवल्या. "आपल्यासारख्यांची कातडी कधी लाल होती का गं? काळपट पडती, जांभळी पडती. हात लाव. शेजारच्यापेक्षा गरम लागती का, घट्ट लागती का, ते बोटाला विचार. बोटानं दाबून रंग पांगत नसला तर त्या जागेवर बसायचंच न्हाई." माझ्या काकांनी मोठ्या मायेनं स्कूटरची ट्यूब आणली होती, हवा भरून त्यावर बसायला. ती बाईंनी परत पाठवली. रिंगणाच्या कडेनं रक्त अडतं आणि मधलं मांस लोंबतं, म्हणाल्या. त्याऐवजी त्यांनी मला फोमची गादी शिवून दिली, वर मऊ सुती खोळ, सगळ्या शिवणी बाहेरच्या कडेला. रंग मात्र काय तर भडक केशरी आणि त्यावर हिरवी पट्टी, वर्गात उरलेल्या तुकड्यांची.

मला बाईंचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? त्यांच्यासमोर मी माणूस नसून नुसती कातडी आहे असं वाटायचं. घाम आला का, पुसलं का, ओलं राहिलं का, डाळ खाल्ली का, अंडं खाल्लं का, रात्री कूस बदलली का. मला बावीस वर्षांच्या पोरीसारखं जगायचं होतं आणि ही बाई मला पहारेकरी करून ठेवत होती.

म्हणून धाकट्या भावाच्या लग्नात मी मनासारखं जगले. आणि काय जगले!

मी करवली. काठापदराची साडी, हातभर हिरव्या बांगड्या. केशरी गादी नको म्हटलं, फोटोत काय ध्यान दिसेल! गादी घरी ठेवली. मुलीकडचे पाहुणे धर्माबादचे, मोठे अडत व्यापारी, त्यांच्यासमोर कोंबडा आरवला तर शोभेल का? कोंबडा बंद केला. आणि दर पंधरा मिनिटांनी वाकायचं? सगळे विचारतील, काय झालं, पोटात दुखतंय का? मग त्यांना काय सांगायचं? त्यापेक्षा ताठ बसले.

मंगलाष्टकांच्या वेळी मामांनी मला उचलून स्टेजवर, नवरदेवाच्या मागं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. माझी व्हीलचेअर खाली स्टेजला लागून मोकळी उभी होती. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या असतात, रंगवलेल्या. सगळा मांडव मूठमूठ ज्वारी उधळत होता आणि त्यातली निम्मी माझ्या रिकाम्या खुर्चीत पडत होती. लग्न लागलं, मामांनी मला उचलून परत तिच्यात ठेवलं. कुणी झाडलं नाही. मला काही लागलं नाही, लागणार कसं? जेवणं, आहेर, फोटो, पाठवणी, असे चार-पाच तास मी त्या दाण्यांवर बसून हसत होते. लई सुंदर फोटो आलेत, अजून आहेत.

रात्री घर पाहुण्यांनी भरलेलं, आरसा घेऊन कुठल्या कोपऱ्यात बघणार? दुसऱ्या दिवशी अंघोळीला आईला काळपट डाग दिसला. तिनं कोमट तेल घेतलं आणि त्या जागी चांगलं रगडून चोळलं, लहानपणी चोळायची तसं. मला ते बरं वाटायला हवं होतं, पण काही कळतच नव्हतं. आत आधीच दुखावलेलं मांस होतं आणि आई ते मायेनं आणखी चेमटवत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं, पण मी बोलले नाही. लग्नघरात कुठं रडारड करायची?

चौथ्या दिवशी नांदेडला आले. बाईंनी आरसा मागितला नाही, स्वतः बघितलं. कातडी फाटली होती. मग त्यांनी माझी व्हीलचेअर ओढली, बैठकीच्या दुमडीत बोट घातलं आणि ज्वारीचे रंगीत दाणे एकेक करून काढले. अकरा निघाले. मला वाटलं, आता ही बाई मला फाडून खाणार. पण त्या नुसते दाणे मोजत बसल्या. मलाच सहन होईना. मी रडत म्हटलं, "बाई, शिव्या तरी द्या हो!"

"शिव्या कशाला देऊ?" बाई म्हणाल्या. "तुला काय झालं ते मला कळलं. चार लोकांत तुला म्हणता आलं न्हाई की माझ्या ढुंगणाला आराम पाहिजे. बस, एवढंच झालं. म्हण बरं."

"काय?"

"ढुंगण."

मी म्हणाले नाही. बाईंनी ऑटो बोलावला, मला आडवी घातली आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम साफ केली, पट्टी केली आणि सांगितलं, सहा आठवडे बसायचं नाही, अजिबात नाही. हाडापर्यंत गेली तर मग ऑपरेशन, आणि ताप चढला तर जिवावरचं. मी बाईंच्या मागच्या खोलीत पालथी पडले. आई सेवेला येऊन राहिली. बाई दर दोन तासांनी येऊन कूस बघायच्या, चादरीची घडी ओढून सरळ करायच्या आणि जायच्या.

तिसऱ्या आठवड्यात ऑर्डर आली.

ज्या कागदाची दीड वर्षं वाट बघितली तो कागद उशीवर ठेवून मी वाचत होते. दिलेल्या मुदतीत रुजू व्हावे, अन्यथा नियुक्ती रद्द समजण्यात येईल. मुदत संपत होती तेव्हा माझे अजून दहा दिवस पालथे शिल्लक होते. दादा, म्हणजे माझे वडील, गावाहून आले आणि मुदतवाढीचा अर्ज घेऊन कचेरीत गेले. एकदा गेले, दोनदा गेले. अर्ज ठेवा, बघू, असं उत्तर. एका कारकुनानं कानात सांगितलं, यादीत पुढचं नाव तयारच आहे, मुलीला आणून पाच मिनिटं बसवा, सही करू द्या, मग न्या घरी.

शेवटच्या दिवशी सकाळी दादा माझ्या खाटेशी उभे राहिले. "पाच मिनिटं बस माय. सही कर. मंग महिनाभर झोप." आईनं इस्त्रीचा ड्रेस काढून ठेवला होता. आणि मी तयार होते. खरंच सांगते, मी तयार होते. त्या मागच्या खोलीत, पोत्यांशेजारी, परत जाण्यापेक्षा मी जखमेवरच काय, खिळ्यांवरही बसले असते.

बाई दारात आडव्या आल्या. खुर्ची अशी लावली की माणूस बाहेर जाईना. "पाच मिनिटात साहेब भेटलेला एक माणूस दाखवा मला नांदेडात," त्या दादांना म्हणाल्या. "जायला अर्धा तास, साहेब मीटिंगमधी, मंग जेवायला, मंग सही. तीन तास बसती का न्हाई बघा. नोकरी मिळंल आन् ढुंगण जाईल. मंग त्या नोकरीवर बसणार कशानं?"

"मंग काय करावं, बाई?" दादा म्हणाले. "सोडून देऊ नोकरी?"

"सोडायची कामून? पालथी न्या."

गल्लीच्या तोंडाशी केळीवाल्या चाचांचा हातगाडा असायचा. बाईंनी त्यांना हाक मारली आणि केळी उतरवायला सांगितली.

चाचा म्हणाले, "कोई मर गया क्या, बाई?"

"मेलं न्हाई. नोकरीला लागून राहिली पोरगी."

चाचांनी केळीचे घड आमच्या ओट्यावर रचले. बाईंनी गाड्यावर जाड फोम अंथरला, वर चादर ताणली, तिच्यावरून तळहात फिरवून एकेक सुरकुती काढली. मला पालथी ठेवली, छातीखाली उशी, जखमेवर काही टेकू नये अशी. अंगावर इस्त्रीचा ड्रेस. पुढं बाई खुर्ची हाणत, मागं चाचा गाडा ढकलत, बाजूला दादा मान खाली घालून. आई घरीच थांबली, तिला बघवेना. भर सकाळी आमची वरात निघाली. रस्त्यात एक म्हातारे गृहस्थ थांबले, टोपी काढली आणि गाड्याला हात जोडले. मी मान वर करून म्हटलं, "जिवंत हाय, काका." ते इतके दचकले की मलाच हसू फुटलं.

कचेरीला चार पायऱ्या. गाडा चढेना, बाईंची खुर्ची चढेना. बाईंनी शिपायाला सांगितलं, "साहेबाला म्हणावं, आमाला चढता येत न्हाई, तुमाला उतरता येतं." शिपाई हसू दाबत आत गेला. अर्धा तास गेला. ओसरीवर माणसं जमली. शेवटी साहेब आले, कपाळाला आठ्या.

"हे काय चाललंय? रुजू व्हायचं म्हणजे कार्यालयात हजर व्हावं लागतं."

"हजर हाय," बाई म्हणाल्या. "बघा, डोळे उघडे हायेत."

साहेबांनी आवाज खाली घेतला आणि दादांना विचारलं, "मुलीला नेमकं झालंय काय?" दादा म्हणाले, "जरा तब्येत... बसायला त्रास..." आणि थांबले. सगळी ओसरी कान देऊन उभी होती. दादांच्या कपाळावर घाम आला होता. बाई माझ्याकडं बघतही नव्हत्या. मला कळलं, आता इथं कुणी माझ्यासाठी बोलणार नाही.

मी कोपरांवर उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "साहेब, माझ्या ढुंगणाला जखम आहे. कमरेखाली मला कळत नाही, बसून बसून कातडी फाटली. डॉक्टरांचा कागद हा घ्या. आज मला बसता येत नाही. सही करता येते. कारकुनाला सही हातानं करायची असती, बरोबर ना?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आतून एक वयस्क कारकून बाई रजिस्टर छातीशी धरून पायऱ्या उतरल्या, साहेबांनी सांगायच्या आधी, आणि त्यांनी ते माझ्या उशीपुढं उघडून ठेवलं. मग साहेबांनीच खिशातला पेन काढून माझ्या हातात दिला. पालथ्या पालथ्या केलेली ती सही वाकडी आली आहे, पण रुजू अहवालावर आहे, हजेरीवर आहे. शेजारी लगेच रजेचा अर्ज लिहिला, त्यावरही सही.

साहेब जायला वळले. बाई म्हणाल्या, "हिचं टेबल कुठलं? खुर्ची खाली जाती का त्याच्या?"

"अहो, त्या बऱ्या होऊन आल्या की बघू."

"ती आली हाय, साहेब," दादा म्हणाले.

मी मान वळवून बघितलं. सकाळपासून खाली घातलेली दादांची मान वर होती. चपला पायऱ्यांवर काढून ते आत गेले. खिडकीतून मला दिसत होतं, ते एका रिकाम्या टेबलापाशी गेले, वाकले आणि जमिनीपासून फळीपर्यंत विती मोजू लागले, शेतात बांध मोजतात तसे. मग बाहेर आले. माझ्या व्हीलचेअरच्या हाताची उंची त्यांना आठवेना, म्हणून बाईंच्या खुर्चीची मोजली. "चार बोटं कमी पडून राहिलं," ते साहेबांना म्हणाले. "विटा लागतील."

चाचा कोपऱ्यावरच्या बांधकामावरून चार विटा घेऊन आले. दादांनी आणि शिपायानं टेबल उचललं.

पायऱ्यांवर टाकलेल्या फळ्यांवरून खुर्ची चढवून मी रजेवरून रुजू झाले तेव्हा ते टेबल तसंच होतं. आजही आहे. मध्ये दोन साहेब बदलले, एकदा रंगरंगोटीत कुणीतरी म्हणालं, ह्या विटा वाईट दिसतात, काढून टाका. मी म्हटलं, काढून दाखवा.